माहितीचा स्रोत

“पंप आण.”

एवढेच दोन शब्द. ते कधी मोठ्यानं आले नाहीत. मोठ्यानं बोलायला जी हवा लागते ती तोवर संपलेली असायची. आधी शिट्टी, मग शब्द, मग पुन्हा शिट्टी. दाराच्या फटीतून कुणी आत शिरू बघतंय आणि आतून कुणी दार रेटून धरलंय, तसा तो आवाज. पस्तीस वर्षं झाली, पण तो तिच्या कानात असा मुक्कामाला आला होता की रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या छातीतून तो निघे, दुसऱ्याच्या निघे, दुपारपर्यंत वीसेक छात्यांतून तो एकच माणूस तिला हाक मारून जाई, आणि ती प्रत्येकाच्या हातात नळी देऊन शांतपणे म्हणे, “बसा. ओठ घट्ट मिटा. घाई नाही.”

छातीच्या विभागात तिला सगळे फुंकणीबाई म्हणत. काम एकच, माणसांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावणं. शांतपणा फक्त सुरुवातीपुरता. मग ती जी ओरडायची ते दोन जिने खाली ऐकू जायचं. “घ्या, घ्या, भरून घ्या, आणि फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका, अजून.” शेजारच्या खोलीतला कारकून म्हणायचा, “बाई, तुमच्याशी भांडायची सोय नाही. एका फुंकरीत माणूस रस्त्यावर.” ती हसायची. कुणाच्या छातीत अर्धी वाटी जरी वारा उरलाय असं वाटलं तरी तिला चैन पडत नसे. तो बाहेर काढेपर्यंत ती त्या माणसावर तुटून पडायची, आणि कागदावरची रेघ नीट वर चढून खाली उतरली की तिचे खांदे सैल व्हायचे, जणू कुणाचं तरी देणं आज फिटलं. मग ती दम्याचा पंप घ्यायचा कसा ते शिकवायची. हलवा, श्वास सोडा, तोंडात धरा, दाबा आणि ओढा, दहा आकडे थांबा. हजारदा सांगून तिच्या तोंडी त्याला चाल लागली होती.

या महिन्यात एक जादा काम अंगावर आलं होतं. विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दम्याच्या लोकांना शिकवणारे शंभर व्हिडिओ मोबाइलवरून गोळा केले होते. दोघींनी ते वेगवेगळे बसून बघायचे आणि प्रत्येकाला गुण द्यायचे. एका व्हिडिओला एक कागद, कागदावर पाच प्रश्न. “एकमेकींना विचारायचं नाही हं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “तुमचा कागद तुमचा, माझा माझा. शेवटी जुळवून बघू.” सदतीस झाले होते. एकानं पंप उलटा धरला होता. एकीनं तो अत्तर मारावं तसा जिभेवर मारला होता. एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा अगदी बरोबर होता, सगळं जिथल्या तिथं, आणि तो जेमतेम चाळीस जणांनी पाहिला होता. आज सकाळी अकराच्या सुमाराला, रुग्ण संपल्यावर, तिनं कानात मोबाइलची बोंडं घातली आणि अडतिसावा लावला.

पांढरा शर्ट, मागं कुंडीतलं हिरवं झाड, टेबलावर काचेचा वाडगा, वाडग्यात पाणी. माणूस पन्नाशीचा. त्यानं हात जोडले नाहीत, हसला नाही, नुसता थांबला. आणि त्या थांबण्यावरूनच तिनं ओळखलं. तोंड उघडायच्या आधी असं खालच्या ओठावर दात ठेवून तिचा दादाच थांबतो. शाळेत कवायत शिकवायचा, दुसऱ्या शहरात राहायचा. आई गेली त्याला चार वर्षं झाली, तेव्हाची भेट. त्यानंतर वाढदिवसाचे फोन. श्वासाचं कायसं शिकवतो, लोक मानतात, असं तिच्या कानावर होतं. तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं. का पाहिलं नव्हतं, हेही कधी उघडून पाहिलं नव्हतं.

“मी सोळा वर्षांचा होतो,” दादा कॅमेऱ्याला म्हणाला, “आणि ज्या पंपानं माझे वडील मेले तो मीच आदल्या दिवशी दुकानातून आणला होता.” मग त्यानं खिशातून एक निळा पंप काढला, टोपण लावलेला, तसाच वाडग्यात सोडला. पंप तरंगला. जरासा कलंडला आणि तरंगत राहिला. “हा असा. ते गेले त्या दिवशी मी त्यांचा पंप बादलीत टाकला तर हा असा वर आला. रिकामा. नवा कोरा पंप एका दिवसात रिकामा. दोनशे मात्रा. हृदय थांबेल नाहीतर काय होईल? माझी धाकटी बहीण तिथं होती. नऊ वर्षांची. तिनं डोळ्यांनी पाहिलं. ती म्हणाली, ‘घेतच होते, दादा, घेतच होते.’” त्याचा आवाज फाटला. त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. मग तो पंप सोडायला कसं शिकायचं ते सांगू लागला, आज चार, उद्या तीन, श्वास धरा, मनाला हुकूम द्या. खाली आकडा होता. अडीच लाख.

हातात पेन होतं. पहिला प्रश्न, माहिती वैद्यकशास्त्राला धरून आहे का. शून्य. दुसरा, धोक्याची लक्षणं सांगितली आहेत का. शून्य. तिसरा, माहितीचा स्रोत सांगितला आहे का. पेन थांबलं. सांगितला होता. सदतीस व्हिडिओंत कुणी सांगितला नव्हता इतका स्पष्ट सांगितला होता. नऊ वर्षांची, डोळ्यांनी पाहणारी, आणि ती इथं बसली होती, कानात बोंडं घालून, स्वतःला गुण द्यायला.

बाबा खुर्च्या-टेबलांना फवाऱ्यानं रंग द्यायचे. त्यांच्या नखांच्या कडा कधी तांबड्या, कधी काळ्या, कधी लोकांना तेव्हा कपाटांसाठी आवडणाऱ्या पिस्त्याच्या रंगाच्या. तो रंग छातीत उतरला होता आणि छाती आक्रसत चालली होती. त्यांचं मारणं श्वासाच्या मापानं चाले. घरात शिरतानाच काहीतरी चुकलेलं असे, भाजी, टॉवेल, आईचं बघणं. ते आईचे केस मुठीत गुंडाळत आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटत; पत्र्याचं कपाट, त्याचा आवाज भांडं पडल्यासारखा येई, म्हणून शेजारी कधी कुणी विचारलं नाही. एक, दोन, तीन. पट्टा हाताशी असला तर पट्टा. सात-आठ झाले की हवा सरे. मग ते स्टुलावर बसत, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, मान पुढं, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि शिट्टी सुरू होई. “पंप आण.” आईला नाही, मुंगीला. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती कुठूनही कुठंही शिरायची. मुंगी पळत जाई, फळीवरून पंप काढून त्यांच्या रंगीत नखांत देई. दोन फवारे. मग दहा मिनिटं कुणी बोलत नसे. बाबांचे ओठ निळ्याचे करडे होत, करड्याचे तांबूस होत, खांदे खाली येत. आई त्या दहा मिनिटांत पळून गेली नाही, एकदाही नाही. ती भिंतीकडं तोंड करून बसे आणि ओठातल्या ओठात गुणगुणे,

वाऱ्याला नाही घर, वाऱ्याला नाही दार,
त्याला कोंडी जो बाई, त्याच्या छातीवर भार.

आणि दहा मिनिटांनी बाबा उठत. पट्टा उचलत. राहिलेले पुरे करत. मुंगीला कळायला लागलं तेव्हापासून कळत होतं की पहिले सात बाबांचे असतात आणि नंतरचे तिचे. तिनं आणून दिलेले.

चौथा प्रश्न वाचायच्या आतच बाहेर काच फुटली. तिनं बोंडं ओढून काढली आणि धावली. बाहेरच्या भिंतीवर पंप घ्यायच्या पायऱ्यांचं चित्र काचेत लावलेलं होतं, तिनंच लावलेलं. त्याच्यासमोर एक आडदांड माणूस उभा होता, उजव्या हाताच्या चारही बोटांवरून रक्त टपकत होतं आणि तो त्याच हातानं दुसरा ठोसा मारायला मागं सरकला होता. तिनं ओळखलं. लिफ्टा दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याची बायको बेकरीत पाव भाजायची, पिठानं तिची छाती धरायची. गेल्या वर्षी याच खोलीत ती नळीत फुंकताना अशी हसत सुटली होती की चार वेळा पुन्हा करावं लागलं. “बाई, तुम्ही ओरडता तेव्हा माझ्या सासूची आठवण येते हो,” म्हणाली होती. जाताना कागदात बांधून बिस्किटं देऊन गेली होती, अजून गरम.

“आत यंत्रावर ठेवलीय तिला,” मिस्त्री म्हणाला. “नळी घातलीय घशात. हात बांधलेत. माझ्या बायकोचे हात बांधलेत.” त्यानं दुसरा ठोसा मारला, या वेळी नुसत्या लाकडावर, आणि हाड वाजलं. कारकून दारातून डोकावून परत आत गेला. ती पुढं झाली, त्याचं मनगट धरलं, तर त्यानं उलट तिचाच खांदा पकडला आणि तिला भिंतीला टेकवलं. तिचं डोकं मागं आपटलं, फार नाही, पण पाठीशी फायलींचं कपाट होतं, पत्र्याचं, आणि त्याचा तो भांडं पडल्यासारखा आवाज झाला. तिच्या तोंडाला पस्तीस वर्षांपूर्वीची आंबट चव आली. एक, तिनं मनात मोजलं. तिला वाटलं आता दुसरा येईल, आणि खरं सांगायचं तर तिनं त्याची वाट पाहिली. आला नाही. मिस्त्रीनं डाव्या हातानं मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. पांढरा शर्ट. काचेचा वाडगा.

“तीन आठवडे झाले, हा बघून तिनं रोजचा पंप सोडला. मी म्हटलं, अगं, दवाखान्यातल्या बाईंना विचार. म्हणाली, बाई शिकवलेलं बोलतात, हा भोगलेलं बोलतो.” त्याची पकड ढिली होत होती. “कुणाचं खरं मानायचं आम्ही? तुमच्याकडं चित्र. याचा बाप मेलाय. हा रडतो, बाई. तुम्ही कधी रडलात आमच्यासमोर? ज्याचा बाप मेला तो खोटं कशाला बोलेल?”

“तो खोटं बोलत नाहीये,” ती म्हणाली.

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिला. “म्हणजे?”

ती त्याला खोलीत घेऊन गेली, नळाखाली त्याचा हात धरला, चिमट्यानं काचा काढल्या, पट्टी बांधली. तो लहान पोरासारखा हात पुढं करून उभा होता आणि दर काचेला म्हणत होता, “लागलं तुम्हाला? जोरात लागलं का हो?” तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, फुटकी काच ओलांडून. मिस्त्रीला बाहेरच्या बाकावर बसवून, तिला बाजूला घेत हळू आवाजात म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही. असे आणखी दोन आलेत या महिन्यात, तोच व्हिडिओ बघून. बाई, तुम्ही अडतिसावा केलात?” तिनं मान हलवली. “मी केला कालच. एवढा रडका आणि एवढा चुकीचा. मला वाटतं सगळा बनाव आहे. बहीणबिहीण कुणी नसणार.”

“गुण जुळवायच्या आधी बोलायचं नाही, असं ठरलंय ना,” फुंकणीबाई म्हणाली.

खोलीत परत येऊन तिनं दार लावलं. शिकवायच्या सामानातून एक नवा पंप काढला, सीलबंद. खोक्यावर भरलेल्या मात्रांचा आकडा होता, दोनशे. पिशवी फोडली, टोपण तसंच ठेवलं आणि बेसिनचं बूच लावून पाणी सोडलं. पंप पाण्यावर टेकवला. तो तरंगला. जरासा कलंडला, आणि तरंगत राहिला. प्लास्टिकच्या कवचात, टोपणाच्या पोकळीत, हवा अडकलेली असते. ती त्याला वर धरते. हे ती रुग्णांना दर आठवड्याला सांगत होती, पाण्यात टाकून काही कळत नाही, तो खेळ करू नका. सांगताना तिच्या डोळ्यांसमोर कधी ती बादली आली नव्हती. किंवा रोज येत होती, आणि म्हणूनच ती सांगत होती. तिनं बोटानं पंप खाली दाबला. सोडला. तो वर आला. पुन्हा दाबला, धरून ठेवला, बुडबुडे निघेपर्यंत, आणि मग तो तळाशी जाऊन बसला, मुकाट, भरलेला, जड.

त्या दिवशी पाच झाले होते. सातही नाही, पाच. बाबांची छाती आधीच भरून आलेली होती. पाचव्याला आईच्या भुवईतून रक्ताची चिळकांडी कपाटावर उडाली आणि आई पहिल्यांदाच काही बोलली नाही, गुणगुणली नाही, भिंतीकडं तोंडही केलं नाही. पडली तशी पडून राहिली. “पंप आण.” मुंगी गेली, फळीवरून पंप काढला. नवा होता, दादानं कालच आणलेला, हातात वजन लागत होतं. दादा शाळेच्या मैदानावर होता. मुंगी परत आली आणि दारातच तिला आईचा पाय दिसला, उताणा, अंगठा हलत नसलेला. मग ती स्टुलाकडं गेली नाही. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती, मुंगीलाच मावेल एवढी. ती तिच्यात शिरली. पंप मुठीत घट्ट. इतका घट्ट की टोपणाची गोल कड तळहातात रुतली. बाबा स्टुलावरून खाली आले. गुडघ्यांवर आले. फटीत हात घातला. रंगीत नखं तिच्या फ्रॉकपासून वीतभर अंतरावर जमीन खरवडत होती. त्या दिवशी नखं तांबडी होती. शिट्टी बारीक होत गेली, सुईएवढी, दोऱ्याएवढी. ती आकडे मोजत होती. दहापर्यंत, पुन्हा दहापर्यंत. नखं थांबली त्यानंतरही तिनं सहा वेळा दहा मोजले, आणि मग बाहेर येऊन पंप त्यांच्या हातात ठेवला, बोटं एकेक करून मिटली. आई शुद्धीवर आली ती पुष्कळ वेळानं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मग पोरीचा उजवा हात उलटा केला. तळहातावर गोल ठसा होता, लालभडक. आईनं तो हात साबणानं धुतला, चोळचोळून, ठसा जाईपर्यंत, आणि शेवटपर्यंत त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. दादा आला, बादली भरली, त्याच्या हुशारीनं पंप बुडवून पाहिला. वर आला. “मुंगे, सगळा घेतला का गं त्यांनी?” घरात लोक जमले होते. सोळा वर्षांचा दादा रडत होता. तिला तेव्हा एवढंच वाटलं की पाण्यानं आपली बाजू घेतली. “घेतच होते, दादा. घेतच होते.”

तिनं दादाला फोन लावला. पलीकडं दोनदा वाजला.

“मुंगे? आज काय, दुपारचा? वाढदिवस तर कुणाचा नाही.” आवाज हसरा, खालच्या ओठावरून सुटलेला. “बरी आहेस ना?”

“तुझा व्हिडिओ पाहिला.”

“अरे वा. शेवटी पाहिलास. अडीच लाख लोकांनी पाहिला आणि बहिणीनं आज.” मग थांबून, जपून, “तुझं नाव नाही घेतलं मी. राग आला का?”

“तो काढून टाक, दादा.”

“का गं?” हसू गेलं. “तुमचे डॉक्टर काय म्हणतात मला ठाऊक आहे. रोज शिव्या खातो मी त्यांच्या. पण त्यांनी माझा बाप पाहिलेला नाही.”

“इथं एक बाई आहे. बेकरीत काम करते. तुझं ऐकून पंप सोडला, आता यंत्रावर आहे. हात बांधलेत तिचे.”

मग दादा बोलला, हळू, व्हिडिओतल्यापेक्षाही हळू. “मी कुणाला मारायला नाही बसलो, मुंगे. मी तो पंप आणला होता. माझ्या या हातानं, दुकानातून, पळत आणला, उशीर झाला तर आईला पडतील म्हणून. पस्तीस वर्षं रोज सकाळी उठून मी तो आणतो. लोकांना सांगितलं की जरा हलकं होतं. तेही काढून टाकू? मी काय चुकीचं बोललो, ते सांग. एक शब्द सांग. मी नव्हतो घरात. तू होतीस. तू सांगितलंस तेच मी बोललो.”

बेसिनच्या तळाशी पंप निळा दिसत होता. बाहेर बाकावर मिस्त्री पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. त्याची सावली दाराच्या काचेवर पडली होती, खांदे कानांपर्यंत चढलेले. टेबलावर अडतिसावा कागद, तिसऱ्या प्रश्नापुढं रिकामा. तिनं उजवी मूठ उघडली. तळहातावर काही नव्हतं, रेघा होत्या, साबणानं पांढरी पडलेली कातडी होती. छाती भरून आली तशी ती स्वतःलाच ओरडणार होती, घ्या, घ्या, आणि सोडा, अजून, अजून. पण आवाज निघाला तो बारीक, दाराच्या फटीतून यावा तसा.

“दादा, तुझा पंप भरलेला होता. त्यातला एक फवाराही त्यांच्या छातीत गेला नाही.”

“काय म्हणतेस?”

“तो माझ्या मुठीत होता. कपाटामागं. त्यांना दिसत होतं माझ्याकडं आहे ते. ते रांगत आले, आणि शेवटी ‘आण’ नाही म्हणाले, दादा. म्हणाले, ‘बाळा, दे ना.’ मला कधी बाळा म्हटलं नव्हतं त्यांनी. मी नाही दिला.”